हेडमास्तरांचा कान आणि माझं इच्छापत्र

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, धंदा दाढी-कटिंग, हे सर्व राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. माझं डोकं शाबूत आहे. कंपवातासाठी त्यात तेरा वर्षांपूर्वी दोन तारा बसवल्या, पण डॉक्टरबाईंनी लेखी दिलंय की तारा हातासाठी आहेत, अकलेसाठी नाहीत.

१. दुकान, आरसे, खुर्ची आणि वस्तरा लेकीला. आजही तीच चालवते. माझे पाय दारात अडकतात म्हणून जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्यात. पट्टी दिसली की पाय उचलतो. माझ्यामागे त्या काढायच्या झाल्यास गिऱ्हाइकांना विचारावं, कारण आता तीही उड्या मारतच आत येतात.

२. घर आणि शिल्लक बायकोला. दर रविवारी तिने माझ्या छातीला, तारांच्या बॅटरीसाठी, चार्जर लावला आणि "भरलात का हो?" असं विचारलं. माझा रिमोट टीव्हीच्या रिमोटजवळ कोणी ठेवला, हा वाद इथे मिटवतो: मीच. बातम्या लावायला गेलो आणि स्वतःलाच बंद करून बसलो. चहा छतापर्यंत गेला!

३. छातीतली बॅटरी दहनाआधी न विसरता काढावी, नाहीतर फुटते. ती डॉक्टरबाईंना द्यावी, सोबत निकालही: हात अजून झकास, आवाज बसला, तोल गेला, यंदा चारदा पडलो. "मशीन रोग थांबवत नाही, फक्त हात धरतं," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. तेरा वर्षं धरला की हो, बाई! मी जाम खूश आहे.

४. मेव्हणे, म्हणजे हेडमास्तर, यांना काहीही नाही. ऑपरेशनआधी मी त्यांच्या कानाची पाळी कापली. आजार लपवून वस्तरा धरला, चूक माझीच. तेव्हापासून ते समोरच्या दुकानात जातात. तिथे हनुवटीखाली दर वेळी एक झुपका राहतो आणि तो मला रस्त्यापलीकडून दिसतो. त्यांनी इथे साक्षीदार म्हणून सही करावी, पण आधी माझ्या खुर्चीत बसावं. हात चालतोय तोवर ही एक दाढी मला करायचीच आहे.

बायको म्हणते, "दादा मरेल, पण बसणार नाही."

मी म्हटलं, "मग मीही मरत नाही, जा!"

५. इथवर लिहिलं आणि हेडमास्तर आले. कानांवरून मफलर घट्ट बांधून! "मशीन चालू आहे ना?" तीनदा विचारलं. माझा आवाज पोचेना, तेव्हा बायको ओरडली, "चालू आहे रे दादा! गप्प बस आता!"

दाढी झाली. झुपका गेला, मफलरही सुटला, ओरखडा नाही. हेडमास्तरांनी हनुवटी चाचपत बराच वेळ आरशात पाहिलं आणि म्हणाले, "उगाच इतकी वर्षं घालवली रे." मला हसू आणि रडू एकदमच आलं.

ठिकाण: दुकान, पहिली खुर्ची.
दिनांक: ९ सप्टेंबर, सकाळी अकरा.

सही: मी स्वतः (एका दमात)
साक्षीदार १: डॉक्टरबाई
साक्षीदार २: हेडमास्तर

खुलासा: साक्षीदार क्र. २ यांची सही वेडीवाकडी आली आहे. हात त्यांचा कापत होता, माझा नाही.