खजूर, दूध आणि आठ संचालक

अल्जियर्स, गुरुवार

प्रिय तावूस,

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि आईच्या कानाला कळलं की तुझं जवळजवळ ठरलंय. "विचार करतेय, यम्मा," म्हणालीस, पण विचार करणाऱ्या माणसाला इतक्या आनंदाच्या उकळ्या फुटत नाहीत. मार्सेयच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या पोरीला मंत्री स्वतः फोन करतात, आमच्या परदेश-प्रसिद्धी संस्थेच्या संचालक व्हा म्हणतात, तर आनंद होणारच. मलाही क्षणभर झाला. मग जी किळस आली ती अजून गेलेली नाही. मी त्या इमारतीत सारा जन्म फिल्म कापण्या-जोडण्यात घालवला. तू त्या खुर्चीवर बसण्याआधी तिथे कोण कोण बसून गेलं ते तुला माझ्याकडून कळलेलं बरं.

पहिले कर्नल बूझिद. स्वातंत्र्याच्या लढाईत डोंगरात राहिलेले, त्यामुळे मेजवानीतही त्यांना हळू बोलता यायचं नाही. पाहुण्याला एखादं वाक्य कळलं नाही की तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हणायचे. पण माणूस सरळ. देशाची ओळख करून देणारी दहा मिनिटांची फिल्म त्यांनीच करून घेतली, आणि तिथूनच खोड लागली. पुढचा प्रत्येक संचालक आल्या आल्या माझ्या खोलीत यायचा, आधीच्याचं तोंड काढा म्हणायचा आणि स्वतःचं घालायला लावायचा. दुसरा मंत्र्याचा मेहुणा. त्याला आपला देश परदेशात दाखवायचा होता म्हणे, म्हणून तो स्वतः कायम परदेशातच असायचा.

तिसऱ्याचं नाव मी घेत नाही. दिसायला सोज्वळ, बोलायला लोणी, आणि त्याचीच मला सगळ्यात शिसारी. फिल्ममध्ये पाहुण्यांना स्वागताचं खजूर आणि दूध देणारी गोड मुलगी हवी म्हणून त्यानं तुला शाळेतून बोलावून घेतलं. तू सात वर्षांची. बंदरावर भर उन्हात तेच तबक पुन्हा पुन्हा पुढे करत होतीस. दूध नासलं. ताजं आणते म्हटलं, तर म्हणाला, "कशाला? पितंय कोण? नुसतं ओठाला लावायचंय." त्या वासानं तुला उलटी झाली. त्यानं रुमाल काढला, स्वतःचे बूट पुसले आणि मला म्हणाला, "तोंड पुसा हिचं, आणि हसायला सांगा." तू हसलीस. इतकं छान हसलीस की पुढच्या एकाही संचालकाला ते काढावंसं वाटलं नाही. फिल्ममधली सगळी माणसं बदलली, तू तेवढी राहिलीस. मंत्र्यांनी तुझ्या लेखांचं कौतुक केलं असेल, पण त्यांना तुझे लेख नकोत, ते हसू हवंय.

चौथा, पाचवा, सहावा, सातवा यांच्यात फरक सांगायचा तर मला मिशा आठवाव्या लागतील. एकानं भिंती निळ्या केल्या, दुसऱ्यानं त्या खरवडून काढल्या. एकजण परदेशी वार्ताहरांना चांगल्या बातमीसाठी घड्याळं वाटायचा, आणि पुढच्यानं येऊन त्याची चौकशी लावली ती घड्याळं हलकी होती म्हणून! आणि संचालकाला काढायची आमची रीतही न्यारी. कुणाला पत्र नाही, निरोप नाही. सकाळी सरकारी गाडी यायची बंद होते, बस्स. साहेब कडक इस्त्रीत बॅग घेऊन कोपऱ्यावर उभे, आणि अख्खी गल्ली पडद्याआडून बघतेय. कालपर्यंत ज्याच्यापुढे कमरेत वाकत होते त्याच्याकडे त्या दिवसापासून दफ्तरातलं काळं कुत्रं फिरकत नाही.

आठवे आपले लामीनकाका. संस्थेच्या ग्रंथालयातून वर चढलेला हा एकटाच माणूस. तुला सुट्टीत पिशव्या भरभरून पुस्तकं कोण द्यायचं ते मी सांगायला नको. "त्यांना हृदयाचा त्रास आहे, स्वतःहून निवृत्त होतायत," असं तुला मंत्रालयानं सांगितलं. सपशेल खोटं! माद्रिदहून आलेल्या एका बाईनं त्यांना विचारलं, शहरात नळाला रोज पाणी येतं का? ते म्हणाले, "नाही हो, काल आमच्याकडेही नव्हतं. चला, बादल्या दाखवतो." आणि खरंच घरी नेऊन दाखवल्या, वर जेवूही घातलं. त्या बाईनं लिहिलं, या देशात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी सरळ बोललं. इतक्या वर्षांत संस्थेनं केलेलं हे एकमेव काम, आणि तेच त्यांना भोवलं.

काल सकाळी त्यांची गाडी आली नाही. ते बसनं दफ्तरात गेले. फाटकावरच्या ज्या पहारेकऱ्याला त्यांनीच नोकरीला लावलं होतं, तो नजर चुकवत म्हणाला, "साहेब, वरून सांगितलंय, मला पोरंबाळं आहेत." तिथून ते चालत माझ्याकडे आले. मी कॉफी ठेवली, तेवढ्यात तुझा फोन. तू इतकी जोरात बोलत होतीस की स्वयंपाकघरात त्यांना सगळं ऐकू जात होतं. मी फोन ठेवला तर ते हसून म्हणाले, "पोरीचा आनंद मोडू नका हां, वर्दिया. तिला काही कळवू नका." मग कॉफीला तोंड न लावताच त्यांनी कप विसळून पालथा घातला. तावूस, त्या क्षणी मला त्या इमारतीची, त्या मंत्र्याची आणि माझ्या गप्प बसण्याचीही किळस आली.

आता हे आजच का लिहितेय ते ऐक. मंत्रालयातले एक गृहस्थ मकरूटचा, खजूर भरलेल्या मिठाईचा, डबा घेऊन सकाळपासून बैठकीच्या खोलीत बसलेत. म्हणाले, "आई, मुली फोनवर ऐकत नाहीत. तुमच्या हातचं पत्र द्या, तिला म्हणावं ये. आमच्या सरकारी टपालाच्या थैलीतून उद्या मार्सेयला पोचेल." मी म्हटलं, बसा, लिहिते. मधूनमधून दारात डोकावून म्हणतायत, "लिहा, लिहा, मनापासून लिहा." मी मनापासूनच लिहितेय. पाकीट नीट चिकटवून त्यांच्या हातात देणार आहे. त्यांनी ते फोडलं नाही, तर तुला सगळं कळेल, मग यायचं की नाही ते तुझं तू ठरव. आणि फोडलं, तर ते तुला पुन्हा कधी विचारायचे नाहीत. साहेब, फोडलंच असेल तर एक सांगते: तुमच्या मकरूटला खवट वास येतोय. डबा परत घेऊन जा.

तुझीच,
यम्मा