टॉलेफची रायफल आणि तिच्या सात खाचा

मंगळवारी सगळ्यात आधी उगवली ती माझी नणंद आर्डिथ. पाहुणे दहाला येणार होते, ही पावणेनऊलाच दारात. डोक्यावर रविवारची टोपी, हातात रिकामी वाटी. "वहिनी, साखर संपली गं," म्हणाली. ऐंशी वर्षांची बाई वाटीभर साखरेसाठी अकरा मैल गाडी हाकत आली, हे मी खरं मानायचं! बिलिंग्जचा जुन्या बंदुकांचा व्यापारी माझ्याकडे येतोय, ही बातमी तिला चर्चमध्ये लागली होती, दुसरं काय.

शेजारीण आयोला आत्ता समोर बसून म्हणते, "वर्ना, मृत्युपत्र असं सुरू होत नाही. आधी नाव, गाव, वय आणि डोकं ठिकाणावर आहे ते लिही." आयोलाने काउंटीच्या कचेरीत तीस वर्षं काढली, तिचं ऐकायला हवं. मग लिहिते.

मी, वर्ना टॉर्केलसन, कै. ऑर्विल टॉर्केलसन यांची पत्नी, राहणार ड्राय फोर्क गावाच्या वरचं घर, मोंटाना, वय ब्याऐंशी, शिक्षण आठवी. उजवा गुडघा गेल्या साली नवा बसवला, बाकीचे सगळे भाग मूळचे. डोकंही मूळचंच आहे, त्याला कुणी पॉलिश मारलेलं नाही. हे मी राजीखुशीने लिहिते आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही, आर्डिथचा होता तोही आता राहिलेला नाही. आधी कुठे काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द समजावं.

कलम १. घर, घराखालची जमीन आणि मागचा झरा माझा एकुलता एक मुलगा ड्वेन याला. एकच मूल असल्याचा हा फायदा, वाटणीवरून भांडायला कुणी नाही. ओट्याची तिसरी पायरी करकरते ती तशीच राहू द्यावी. कोण आलं ते मला तिच्यावरून कळतं. पुढे ड्वेनलाही कळेल.

कलम २. बँकेत आहे त्यातून आधी माझ्या मयतीची कॉफी करावी. चर्चच्या तळघरातलं ते कोमट पाणी नको, कॉफी हवी. लेफ्से, म्हणजे आमच्या बटाट्याच्या पोळ्या, माझ्याच तव्यावर भाजाव्यात, पातळ. उरेल ते ड्वेन आणि त्याची मुलगी ब्रिट यांनी निम्मं निम्मं घ्यावं.

कलम ३. नणंद आर्डिथ हिला माझं साखरेचं भांडं, काठोकाठ भरून. शिवाय माझ्या वहीतलं एक पान, चौकटीत लावून. त्या पानावर काय आहे ते सांगायचं तर मंगळवारचंच सांगावं लागेल. आयोला, तू डोळे वटारू नकोस.

आमच्या घरात भिंतीवर एक विंचेस्टर रायफल आहे. खालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की गोळी भरली जाते, त्या जातीची. ऑर्विलच्या आजोबांनी, टॉलेफनी, घेतलेली. तिच्यावर १८९४ असं कोरलंय. या खोऱ्यात दर दुसऱ्या घरात असली एक बंदूक आहे आणि जो तो सांगतो, आमची १८९४ सालची. अरे, ते घडणीचं नाव आहे! त्या सालाने निघालेली घडण कंपनी पुढे कित्येक वर्षं करत होती. बंदूक कधीची ते कळायला तिला उताणी करायची. पोटाखाली, पुढच्या बाजूला नंबर असतो, तो वाचायचा.

हे मला कसं माहीत? शिकारीचा हंगाम उघडायच्या आधीच्या रविवारी सगळं खोरं आपापल्या बंदुका घेऊन ऑर्विलकडे यायचं, कधीची आहे, किंमत काय येईल ते विचारायला. ऑर्विलचे डोळे पन्नाशीतच अधू झाले. हे बोटांनी चाचपायचे आणि मी भिंगाने वाचून वहीत उतरवायची. नळी गोल की आठ कोनी, खांद्याची पट्टी सपाट की चंद्रकोरीसारखी, स्क्रूच्या खाचा कुणी कुरतडल्या आहेत का. नळीवरचा छाप पुसट असला की वर कागद धरून पेन्सिल घासायची, ठसा उमटतो. बत्तीस वर्षं हे केलं. लोक म्हणायचे, ऑर्विलला बंदुकीतलं किती कळतं! आणि मला म्हणायचे, कॉफी छान झाली हो.

तर मंगळवार. दहाला व्यापारी आले, वेंडेल प्रुइट म्हणून, आणि त्यांची बायको नादीन. माणसं चांगली, पाय पुसून आत आली. त्यांना बोलावलं होतं ड्वेनने. माझ्या गुडघ्यासाठी ओट्याला उतार आणि कठडा करायचं त्याच्या मनात होतं, आणि रायफल विकून ते होईल असा त्याचा हिशेब. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, "बोलाव, बघू दे तरी." माझी चूक. नाही म्हणायला हवं होतं, पण पोराच्या तोंडावर नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

प्रुइट बसतात न बसतात तोच आर्डिथने सुरुवात केली. "आमच्या आजोबांची आहे हो. १८९४ ची. पहिल्या पगारात घेतलेली. वर लिहिलंयच."

मी म्हटलं, "आर्डिथ, १८९४ साली तुझे आजोबा नॉर्वेत अकरा वर्षांचे होते. बकऱ्या राखत होते."

"वहिनी, तुला काय ठाऊक? तू तर लग्न होऊन आलेली."

"साठ वर्षं झाली आता येऊन. प्रुइटसाहेब, उलटी करा ती."

त्यांनी उलटी केली, चष्मा कपाळावर चढवला, नंबर वाचला आणि बॅगेतलं पुस्तक काढायला गेले. पुस्तक उघडायच्या आत मी म्हटलं, "१९०८." त्यांनी पान शोधलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आजी, मी तुमच्याकडे नोकरीला येऊ का?" त्या क्षणी आर्डिथचं तोंड असं झालं होतं की नुसतं त्याच्यासाठीसुद्धा हा जन्म घेतला असता. कलम ३ मधलं पान ते हेच, नंबर आणि साल. तिने ते कपाटात तोंड पालथं करून ठेवलं तरी माझी हरकत नाही.

पण मग प्रुइट उठले. रायफल खिडकीशी नेली. मागच्या लाकडी दस्त्यावरून अंगठा फिरवला.

"अहो, बोला की," नादीन म्हणाली.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"मी!" ड्वेन म्हणाला, फुशारून. "माझ्याकडे नेऊन दोन आठवडे खपलो. दस्ता पॉलिश पेपरने घासला, तीन हात रोगण दिलं, लोखंड चाकावर चकाकवून नवा निळा रंग चढवला. आधी कसली कळकट होती!"

आता ज्याला यातलं कळत नाही त्याच्यासाठी लिहिते. जुन्या रायफलीचा निळा रंग उडतो तो ठरल्या जागी. माणूस तिला एका हातात, मधोमध पोटाखाली धरून चालतो, म्हणून तिथला रंग आधी जातो आणि लोखंड तपकिरी पडतं. घेणारा तेच शोधतो. ते पुसलं की कडा गोल होतात, अक्षरं पुसट होतात, स्क्रूभोवती खळगा पडतो, आणि शंभर वर्षं कोण तिला घेऊन चाललं ते तिच्यावर दिसेनासं होतं.

प्रुइटनी ते हळूच सांगितलं. होती तशी असती तर अडीच हजार डॉलर. आता सातशे, तेही सुटे भाग म्हणून. "दस्ता मला नको. नळी आणि मधली लोखंडी पेटी नेतो, दुसऱ्या एका जुन्या बंदुकीला लागतील. शनिवारी रोख घेऊन येऊ."

ड्वेनचा चेहरा पिठासारखा झाला. एकोणसाठ वर्षांचा गडी, हिवाळाभर रस्त्यावरचा बर्फ उपसणारा, खाली बघून "न्या" म्हणाला आणि बाहेर गेला. तासभर आपल्या गाडीत बसून होता, इंजिन बंद. मी पाहुण्यांना एवढंच म्हटलं, "शनिवारी बघू," आणि मनुकांची पाई पुढे केली.

आयोला म्हणते रायफलीचं कलम कुठाय. हे घे.

कलम ४. रायफल.

आधी तिच्या खाचांबद्दल. टॉर्केलसनांच्या घरात ज्याने या रायफलीने आपलं पहिलं एल्क, म्हणजे सांबरासारखं मोठं हरीण, पाडलं त्याने दस्त्याच्या खालच्या अंगाला खिशातल्या चाकूने एक खाच पाडायची, अशी रीत. पाच होत्या. टॉलेफ, माझे सासरे सेल्मर, ऑर्विल, आर्डिथ आणि ब्रिट. माझी नव्हती. १९७१ साली ऑर्विल तापाने पडले होते, घरात मांस नव्हतं, तेव्हा मी ओट्यावरून, रात्रीच्या झग्यात, पायात नवऱ्याचे बूट घालून एक एल्क पाडलं. चाकू हातात घेतला तर आर्डिथ म्हणाली, "सुनेची खाच पडत नसते." ऑर्विल अंथरुणातून कण्हले, पण बहिणीपुढे बोलले नाहीत. बावन्न वर्षं मी ते गिळून आहे. आता गिळत नाही.

आणि ड्वेनची नव्हती. पंधराव्या वर्षी बापाबरोबर डोंगरात गेला. साठ पावलांवर एल्क उभं राहिलं, ड्वेनने रायफल खांद्याला लावली आणि ते जाईपर्यंत तशीच धरून उभा राहिला. ऑर्विल रागावले नाहीत. काहीच बोलले नाहीत, घरी येईपर्यंत आणि आल्यावरही, आणि पुन्हा कधी त्याला घेऊन गेले नाहीत. मीही त्या दिवशी जेवण वाढलं आणि गप्प बसले. जुने हिशेब लिहायचेच तर हा माझ्या नावावर आहे.

मंगळवारी पाहुणे गेल्यावर मी दस्ता मांडीवर घेतला, तर त्यावर एकही खाच उरली नव्हती. त्या खाचा नखभर खोल होत्या. नुसती चकाकी आणायला इतकं खोल जावं लागत नाही. तिथवर घासायचं म्हणजे हात भरून येतात. चव्वेचाळीस वर्षं हा मुलगा माझ्या भिंतीवर आधी चार, मग पोरीची धरून पाच खाचा बघत जेवत होता, आणि मी मात्र बटाटे घे म्हणत होते.

ड्वेन, तुला वाटतंय तू घराण्याची वस्तू घालवलीस. अरे वेड्या, तू ती वाचवलीस! तुझ्या त्या पॉलिशने ती इतकी स्वस्त केली की आता ती विकण्यात काही राम नाही. अडीच हजाराला मी कदाचित मोहात पडले असते. परवापासून मी घरात एकटीच हसते आहे. मांजराला वाटतं मला काही झालंय.

रायफल आणि भिंग ब्रिटला, आणि माझी वहीसुद्धा. तिने ती विकू नये, पुन्हा चकाकवू नये, आणि सुटी करून तर मुळीच नये. दर साली हंगामाआधीच्या रविवारी टेबलाशी बसावं आणि लोकांना त्यांची बंदूक १८९४ ची नाही हे गोड बोलून सांगावं. सोबत काहीतरी खायला द्यावं, म्हणजे कमी लागतं.

वहीत त्या पाच खाचांचा ठसा होता. मीच कधीतरी कागद ठेवून पेन्सिल घासली होती. काल तो कागद दस्त्यावर चिकटवला आणि ऑर्विलच्या चाकूने पाचही खाचा जागच्या जागी पाडल्या. सहावी माझी. बावन्न वर्षांचा राग होता म्हणून थोडी मोठी झाली. सातव्या जागी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. ती मी पाडणार नाही.

कलम ५. ऑर्विलचा खिशातला चाकू ड्वेनला. सातवी खाच त्याची आहे, त्या निघून गेलेल्या एल्कबद्दल. ते कसं उभं होतं, श्वासाची वाफ कुठल्या बाजूला जात होती, ते त्याने मला एकदाच सांगितलं होतं, आणि ऑर्विलनी मारलेल्या एकाही जनावराबद्दल मला तेवढं आठवत नाही. रीत बदलायचा अधिकार मला आहे का, असं आर्डिथ विचारेल. घर माझं आहे, भिंत माझी आहे, बदलली.

हे माझ्यामागे वाचलं जायचं असतं, पण तेवढा धीर मला नाही. कलम ४ आणि ५ मी उद्या, शुक्रवारी, जेवताना ड्वेनला स्वतः वाचून दाखवणार आहे, चाकू त्याच्या ताटाशी ठेवून. ब्रिटला सांगून ठेवलंय. "आजी, तो रडेल," ती म्हणाली. मी म्हटलं, "रडू दे, मग बटाटे घेईल."

साक्षीदारांना काही देता येत नाही म्हणे. म्हणून आयोला, माझी पाईची परात तुला लिहून देता येत नाही. सही करून झाली की आजच घेऊन जा.

वरचा सगळा मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला आणि मला पटला.

सही: वर्ना टॉर्केलसन

साक्षीदार: १. आयोला ब्रेकी, शेजारीण. (मी सांगूनही तिने कलमं नीट मांडली नाहीत. डोकं मात्र ठिकाणावर आहे. — आ. ब्रे.)
२. लायल स्टेनेरूड, पोस्टातले.

ठिकाण: ड्राय फोर्क, मोंटाना, माझं स्वयंपाकघर
तारीख: गुरुवार, १९ ऑक्टोबर २०२३

ता. क. हे शुक्रवारी, जेवणानंतर लिहिते. आयोला म्हणते सही झाल्यावर काही लिहायचं नसतं, पण ती घरी गेली आहे. सात झाल्या. सातवी थोडी वाकडी आहे, आणि मग त्याने बटाटे घेतले. प्रुइट नवराबायको उद्या शनिवारी, २१ तारखेला, दहा वाजता येतो म्हणाले आहेत. उद्या हंगामाचा पहिला दिवस, त्यामुळे आम्ही घरी नसू. मी, ब्रिट आणि रायफल डोंगरात असू, आणि गाडी ड्वेन चालवणार आहे. कॉफी चुलीवर असेल आणि ती वाढायला आर्डिथ नक्की येईल, तिची साखर संपलेली आहे.