गाडी माझी, तेल ह्यांच्या पसंतीचं

३ जून, सोमवार
गाडी सुरू केली आणि तळपायाची आग मस्तकात. इंजिनात कोणी चमचे टाकून ढवळतंय असा आवाज. परवाच तर ऑइल बदललं. डिकीत रिकामा डबा सापडला, झिरो-ट्वेंटी. पाण्यासारखं पातळ, नव्या गाड्यांचं. माझी गाडी वीस वर्षांची. तिला घट्ट, ट्वेंटी-फॉर्टी लागतं, पुस्तिकेत छापलंय, मेकॅनिक सेल्वमला मी फोनवर बजावलंही होतं. गिंडीच्या कारखान्यात कुठल्या मशीनला कुठलं तेल हे मी ठरवते. घरात कोण विचारतो? पिकतं तिथं विकत नाही.

शनिवारी मी कामावर, मिलिंद घरी. गॅरेजवाले गाडी न्यायला आले तेव्हा किल्ली त्याने दिली. "सेल्वमने विचारलं कुठलं घालू, मी म्हटलं सगळ्यात भारी घाल." नवरा माझा. गाडी चालवता येत नाही त्याला. शिकलाच नाही.

१२ला आरटीओची तपासणी. नोंदणी वाढवून मिळाली नाही तर गाडी भंगारात.

५ जून, बुधवार
गाडीखाली तेलाचा डाग. सकाळी चमच्याएवढा, संध्याकाळी ताटलीएवढा. सोसायटीच्या सेक्रेटरीची तक्रार आली, तीही मिलिंदकडे, माझ्याकडे नाही.

मि. म्हणतो, "जुनी झाली, गळणारच. काढून टाक, कॅब आहेत की." परवापर्यंत थेंब गळत नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं. माझ्या पगारातून घेतलेली पहिली मोठी वस्तू ती. टी. नगरच्या त्या गर्दीत मी चालवते आणि हा बाजूला बसून "डावीकडे बघ, डावीकडे बघ".

जेवायला वाढलं नाही. त्याने स्वतःच दहीभात कालवला, वर मलाही विचारलं. नको म्हटलं.

८ जून, शनि.
ट्वेंटी-फॉर्टीचा डबा घेऊन स्वतः गॅरेजला. सेल्वम "वणक्कम मॅडम" म्हणाला आणि माझ्यासमोर मि.ला फोन लावायला लागला. सारना, म्हणजे साहेबांना, एकदा विचारतो म्हणे. फोन काढून घेतला हातातून. "वंडी एन्नोडदु." गाडी माझी आहे. इतक्या वर्षांतलं माझं सगळ्यात शुद्ध तमिळ.

तो ओशाळला. मग सारवासारव करायला म्हणाला, "मॅडम, मी सांगितलं होतं सारना, मॅडम ट्वेंटी-फॉर्टी म्हणाल्यात. सार म्हणाले, राहू दे, तिला काय कळतंय."

म्हणजे मि.ला माहीत होतं. सेल्वमने सांगूनही...

तेल बदललं, फिल्टरही. आवाज गेला. गळती मात्र थेंब थेंब चालूच, पातळ तेलाने एक जुनं सील सुटलं.

९ जून, रवि.
मि.ला विचारलंच. "असं मी म्हणालोच नाही." मग पेपरामागून, "म्हणालो असेन. बोलण्याच्या ओघात."

ओघात म्हणे. मला त्याची माफी नको होती, मला एवढंच हवं होतं की त्याने...

जाऊ दे. कपडे वाळत घातले. त्याचे सोडून.

१२ जून, बुध.
आरटीओ. मि. सुट्टी टाकून आला, मी बोलावलं नव्हतं. सकाळी गाडीखाली पुठ्ठा सरकवून गळतंय का बघत होता. म्हटलं, आता बघ.

ऊन मरणाचं. मी उतरून बॉनेट उघडलं. इन्स्पेक्टरने माझ्याकडून किल्ली घेतली आणि मि.च्या हातात ठेवली. "सार, एक फेरी मारून दाखवा."

मि.ने किल्लीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी हात पुढे केला नाही. मनात म्हटलं सांग, तुझ्या तोंडाने सांग.

घाम पुसत कसाबसा बोलला. "एनक्कु ओट्ट तेरियादु, सार." मला चालवता येत नाही. मग खाली बघून, "वंडी अवंगळोडदु." गाडी त्यांची आहे, म्हणजे माझी. तेव्हा मी किल्ली घेतली.

फेरी झाली, आवाज अजिबात नाही. पण इन्स्पेक्टर वाकून बघून उठला तर बोटाला तेल. गळती थांबवून पुढच्या आठवड्यात आणा. तेव्हाही गळली तर संपलं.

येताना "डावीकडे बघ" नाही. घराजवळ आल्यावर मि.ने हळूच विचारलं, "आता काय करायचं? कुठलं सील बदलायचं?"

मला माहीत आहे कुठलं. सांगितलं नाही.