निळ्या दोऱ्याचं पिल्लू बाळकुमला जातंय

कुत्र्याच्या पिल्लालासुद्धा नव्या घरी धाडायच्या आधी कुकरची शिट्टी ऐकवतात. मला कोणी ऐकवली होती? सोळा वर्षांची झाले तरी चुलीपलीकडे काही बघितलं नव्हतं, आणि थेट डोंबिवलीत आणून सोडलंत. पहिल्याच सकाळी सासूने कुकर लावला, तो किंचाळला, आणि मी पिठाच्या हातांनी धावत गॅलरीत. नणंद पुढची कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ते करून दाखवायची.

आये, मी लिहितेय, तुझी थोरली. चौथीपर्यंत जेवढी अक्षरं शिकले त्यांत लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तोंडाने म्हणत लिहितेय. चार वाजता माणसं यायची आहेत. मला एका जागी बसवत नाही, तीनदा उठून दार बघून आले.

काय झालं ते सांगते. माझी नात कल्याणला जनावरांच्या डॉक्टरकडे कामाला आहे. कुत्र्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं काढायची. हो, याचीही नोकरी असते आता. आमच्या कोपरच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली गल्लीतली कुत्री व्याली, तर हिने आईसकट पाच पिल्लं उचलून माझ्या बाल्कनीत आणली. मला विचारलं नाही, सांगितलं. "दोनच महिने गं आजी, मग चांगली घरं बघून देऊ." प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. नाव ठेवायचं नाही, ते नव्या घरचे ठेवतील म्हणे. म्हटलं बरोबर आहे, माझंही सासरी बदललंच होतं.

मग फ्रिजवर यादी चिकटवली. पिल्लांना काय काय दाखवायचं त्याची. मिक्सर. दाराची बेल. उघडणारी छत्री. हेल्मेट घातलेला माणूस. काठीवाला म्हातारा. सिलिंडर गडगडवत नेतात तो आवाज. सगळं आधी लांबून, आणि भीती वाटायच्या आत तोंडात उकडलेल्या चिकनचा तुकडा. शिवाय रोज एकेकाला मांडीवर घेऊन कान उघडून बघायचे, पंजे दाबायचे, ओठ वर करून दात बघायचे, ब्रश फिरवायचा, म्हणजे पुढे कोणी हात लावला तर चावणार नाहीत. नात दिवसभर कामावर. मग हे करायचं कोणी? मी कुकर लावते आणि लाल, पिवळी, हिरवी, पांढरी रांगेत शेपट्या हलवत बसतात. शिट्टी झाली की चिकन. मेल्यांना भीती माहीतच नाही.

निळा दोरा तेवढा भित्रा. कोपऱ्यात बसून बघायचा. मला कुठला धीर! नात म्हणायची, "ओढू नकोस, स्वतःहून येऊ दे." मी म्हणायचे, "असा येईल तो पुढच्या दिवाळीला." आणि एक दिवस तिच्या माघारी मी त्याची मानगूट धरली, पंजा आवळला आणि नख कापायला घेतलं. त्याने हिसका दिला, नख खोल कापलं गेलं. रक्त. असा ओरडला की त्याची आई उठून माझ्यावर गुरगुरली. त्या दिवसापासून माझा हात दिसला की तो वॉशिंग मशीनच्या खाली.

नात रागावली नाही. त्याचाच मला राग आला. म्हणाली, "आता तूच नीट करायचंस. रोज हात पालथा जमिनीवर ठेवून बस. काही करायचं नाही."

"काही करायचं नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही, आजी. तुला येत नाही तेच."

बाकीची चार गेली. याच्यासाठी जे घर मिळालं ते कुठलं, ऐक. आपलंच बाळकुम. आपल्या भाताच्या खाचरांवर टॉवर झालेत, तिथे बाविसाव्या मजल्यावर. नवराबायको कामाला जातात, दिवसभर घरात नवऱ्याची म्हातारी आई. म्हणजे याला दिवस काढायचा तो म्हाताऱ्या हातांत, आणि म्हाताऱ्या हातांची धास्ती कोणी घातली, तर मी. आज तो मशीनखाली पळाला तर ती माणसं न्यायची नाहीत. आणि बिल्डिंगवाल्यांनी सांगून ठेवलंय, रविवारनंतर बाल्कनीत एकही पिल्लू दिसता कामा नये. आज रविवार.

अकरा दिवस बसले गं. गुडघे दुखत, डोक्यात डाळ निवडायची राहिलेली, दूध उतू जातंय असे भास. हात जमिनीवर. सातव्या दिवशी तो हाताजवळ येऊन झोपला. नवव्या दिवशी पंजा हातावर ठेवला, कापलेल्या नखाचाच. मी काही केलं नाही.

बेल वाजतेय. उठते.

आले आणि गेले.

ती म्हातारी माझ्याएवढीच. आल्या आल्या "अगं बाई, किती गोड" करत वरून हात घेऊन धावली. हा निघालाच होता मशीनकडे. मी म्हटलं, "अहो ताई, थांबा. हात वरून नका आणू. खाली बसा आणि गप्प राहा." नात माझ्याकडे बघतच राहिली. म्हातारी म्हणाली, "मला बसता येत नाही हो खाली." म्हटलं, "मलाही येत नाही. बसा." बसली बिचारी. दोघी म्हाताऱ्या फरशीवर, हात पालथे, आणि तिचे लेक-सून सोफ्यावर चहा हातात घेऊन. किती वेळ गेला कोण जाणे. मग हा आला, माझा हात हुंगला, पुढे जाऊन तिचा हुंगला आणि तिच्या बोटांतलं चिकन घेतलं.

निघताना मी त्याच्या आईखालच्या गोणपाटाचा तुकडा पिशवीत घातला. सून म्हणते, "नको आजी, वास येतोय. आम्ही नवीन गादी आणलीय." म्हटलं, "वास येतोय म्हणूनच देतेय. महिनाभर धुतलंत तर याद राखा." नातीने शिकवलं होतं, आईच्या वासाचं फडकं बरोबर दिलं की पिल्लू कमी रडतं. बोलून गेले आणि दारातच माझे पाय थांबले.

माझ्या लग्नातल्या पितळेच्या हंड्यात, भांड्यांच्या मध्ये तुझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता. न धुतलेला. धुराचा आणि सुक्या बोंबलाचा वास. नणंदेने नाक धरलं, "माहेराहून पोतेरं दिलंय वाटतं?" मी त्याच दुपारी तो सोड्यात उकळला आणि सगळ्यांसमोर त्याने फरशी पुसली. तुझ्यावरचा राग होता तो. पाठवणीला तू दारात आली नव्हतीस, मागच्या अंगणात भांडी घासत होतीस. तो तुकडा भांडी वाजू नयेत म्हणून तू घातलास, असं मी समजले. इतकी वर्षं तेच समजले.

हे पत्र त्या यादीच्या मागे लिहिलंय, पोस्टात टाकायचं नाही. घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवेन. आणि एक सांगून टाकते: उकळून काढल्यावरही मी तो तुकडा एकदा नाकाला लावून बघितला होता. नुसता सोडा.

आता सांग, भांड्यांसाठी घातला होतास की माझ्यासाठी? काहीही विचारलं की "तुझ्या बापासला विचार" म्हणायचीस. बाबांना यातलं काही माहीत नाही, त्यांना मध्ये आणू नकोस. उत्तर तूच द्यायचं.