शिळेवरची रिकामी ओळ

बाबा, दवाखान्यातल्या बाळंतिणीच्या नव्या खोलीवर बसवायची शिळा घडवून तयार आहे. वर तुमचे नाव कोरून झाले. त्याखालची ओळ तेवढी रिकामी आहे. ही खोली तुमच्या सुनेच्या स्मरणार्थ असावी, असे मोहल्ल्याच्या पंचांनी ठरवले आणि तिचे नाव सांगण्याचे एवढेच काम माझ्याकडे ठेवले. उद्या शिळा बसायची आहे. जन्म शाळेत मुलांची नावे पुकारण्यात गेला, आणि हे एक नाव तोंडातून निघत नाही. सकाळपासून लिहायला बसतो, उठतो, अंगणात जाऊन उगाच तुळशीला पाणी घालून येतो. तिला आज पाणी पुरे झाले आहे. तुम्हालाच लिहितो, कारण ते नाव तुम्ही ठेवलेले होते, आणि ते कोरू नये असे माझ्या मनाने घेतले आहे.

लग्नानंतर आपल्या घरी ताटात तांदूळ पसरले होते. तुम्ही निवडलेले नाव मी सोन्याच्या अंगठीने त्यांत लिहिले. अक्षर वेडेवाकडे आले, तेव्हा सगळ्या पाहुण्यांदेखत तुम्ही म्हणालात, ‘‘कॉलेजात हेच शिकवले काय? पुसा आणि पुन्हा लिहा.’’ मी पुन्हा लिहिले. ती शेजारी मान खाली घालून बसली होती; तिचे माहेरचे नाव तेवढ्या वेळात गेले. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी भाताच्या गुंडीत शिजायला पडले. पुढे तुम्ही तिला सूनबाई म्हणत राहिलात, मोहल्ला मास्तरीणबाई म्हणू लागला, आणि मी, घरच्या शिस्तीप्रमाणे, ‘ऐकलेस का’ याखेरीज काहीच म्हटले नाही. इतक्या विचाराने ठेवलेले नाव आपल्या घरात कोणी वापरलेच नाही.

दवाखाना तेव्हा आपल्या घराच्या पुढच्या छपरीतच होता. रेल्वेच्या दवाखान्यातली कंपाउंडरची नोकरी सोडून तुम्ही बाकडे टाकले, कपाट आणले, पुढे तिथल्या मोठ्या डॉक्टरांना आठवड्यातून एकदा येण्याची गळ घातली. भातगिरणीतले हमाल येत, बांधावरून चिखलाच्या पायांनी शेतकरी येत, आपापली बाटली घेऊन येत. बायका मात्र येत नसत. रस्त्यावरच्या बाकड्यावर पुरुषांच्या रांगेत बसून दुखणे सांगणारी बाई आपल्या मोहल्ल्यात नव्हती. तुम्ही म्हणत, ‘‘इकडच्या बायकांना आजारच होत नाहीत.’’ आणि मग एका उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी वाट्या घेतलेल्या बायकांची ये-जा वाढली.

तिथला एक संवाद मला आजही शब्दशः ऐकू येतो. मी आत पेपर तपासत बसलो आहे. दाराशी कोणी म्हणते, ‘‘मास्तरीणबाई, विरजन देता का जी?’’

‘‘कालच तर नेलेस.’’

‘‘नासलं जी ते.’’ मग खोकला, लांबलचक. मग अगदी हळू, ‘‘सांजच्याले ताप येऊन राहिला. माया सासूले नोका सांगू.’’

तेवढ्यात छपरीतून तुमचा आवाज येतो, ‘‘सूनबाई, विरजण न्यायला आलेली बाई इतकी खोकते कशी?’’

‘‘दही आंबट आहे, मामंजी,’’ ती म्हणते. आणि पदराआडून तुमच्या दाराशी येऊन त्या बाईचा ताप, खोकला, रात्रीचा घाम सगळे क्रमाने सांगते, जणू ते तिचे स्वतःचेच दुखणे आहे. तुम्ही संतापलात. ‘‘हा दवाखाना आहे की स्वयंपाकघर? रोगी पाहिल्याशिवाय मी औषध देणार नाही.’’ ती तिथून हलली नाही. ‘‘मग ती औषधाशिवाय जाईल,’’ एवढेच म्हणाली. शेवटी तुम्ही पुड्या बांधून दिल्यात. त्या वाटीतून गेल्या, वर दह्याची कवडी ठेवून.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही गवंडी बोलावून छपरी आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीला खिडकी पाडलीत. खिडकीतून आधी हात दिसू लागले, नाडी पाहण्यापुरते, मग जिभा, मग काही वर्षांनी चेहरे. तुम्ही तिला थर्मामीटर दिलेत, तुमच्या स्वतःच्या खिशातला, आणि तो झटकताना दोन बोटांत कसा धरावा ते शिकवलेत. मला तुम्ही कधी त्याला हात लावू दिला नव्हता. तुम्ही गेल्यावर खिडकीचे दार झाले, दारापलीकडे बायकांची खोली झाली, शिकलेली नर्सबाई आली. लढाईच्या दिवसांत क्विनाइन मिळेना, तेव्हा खोली बंद करावी असे पंच म्हणाले. ती म्हणाली, औषध नसले तरी दार उघडे असू द्या, बायकांची सवय मोडली तर पुन्हा लागणार नाही. दार उघडे राहिले. आता लढाई संपली, स्वराज्य येणार म्हणतात, आणि त्या खोलीला लागून बाळंतिणीची खोली उभी आहे. तिने ती पाहिली नाही. पाया भरल्यावर ती अंथरुणाला लागली.

मुदतीचा ताप होता. शेवटी शेवटी ती ओळख देईना. डॉक्टरांनी, नर्सबाईंनी तुम्ही ठेवलेल्या नावाने हाका मारल्या. कागदोपत्री तेच होते. तिचे डोळे उघडले नाहीत. मग माहेराहून, बोदलकशाकडून, तिचे थोरले भाऊ आले, वहाणाही न काढता खाटेशी बसले आणि एका नावाने त्यांनी तिला हाक मारली. कोणाला बोलावत आहेत हे क्षणभर मला कळले नाही. लग्नपत्रिकेनंतर ते नाव माझ्या कानावर पडले नव्हते. तिने डोळे उघडले. ‘‘आली जी दादा, आली,’’ म्हणाली. आपल्या घरात तिने कधी असे बोलल्याचे मला स्मरत नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. ज्या नावाला तिने ओ दिली ते शिळेवर असावे, की ज्या नावाने ती आपल्या घरची झाली ते? मी परवानगी मागत नाही असे म्हणणे उद्धटपणाचे होईल.

इथवर लिहिले आणि पाथरवटाचा निरोप आला म्हणून दवाखान्यापुढे गेलो होतो. तो छिन्नी घेऊन शिळेशी बसला होता. ‘‘गुरुजी, नाव सांगून द्या जी, हात थांबून राहिले.’’ शेजारी पंचांपैकी गिरणीवाले शेटजी उभे होते. ‘‘मास्टरसाब, इतना क्या सोचना? भाभीजी का नाम ही तो है.’’ रांगेतली एक म्हातारी, तीच, विरजण नेणारी, मध्येच म्हणाली, ‘‘मास्तरीणबाई लिवा ना जी. दुसरं नाव कोनाले ठाऊक आहे?’’ कागदावर लिहून द्यावे म्हणून मी खिशात हात घातला. मग तो तसाच काढून घेतला आणि नाव उच्चारले. तिच्या भावाने उच्चारले होते ते.

शेटजी गोंधळले. ‘‘ये कौन हैं?’’

‘‘माझी पत्नी,’’ मी म्हणालो.

म्हातारीने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिले. ‘‘असं होय?’’ म्हणाली, ‘‘कधी बोलली नाई.’’ पाथरवटाने खडूने अक्षरे आखली आणि पहिला घाव घातला. आता त्यात बदल होणे नाही, बाबा. तुम्ही रागावाल हे धरून चाललो आहे.

एक गोष्ट मात्र सांगायची राहते. घरात परत आल्यावर मी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभा राहिलो आणि कोणी नसताना ते नाव पुन्हा एकदा मोठ्याने घेतले. हजेरी घेताना निघतो तसाच कोरडा आवाज निघाला. दुसरा मला येत नाही. आणि हजेरी घेताना उत्तरासाठी थांबतो, तसा मी तिथे थांबलोही.