सीलबंद खोका

पॉटर काउंटी, पेनसिल्व्हेनिया
१० डिसेंबर

आदरणीय हारलन भाऊजींना वर्नाचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? गाडी चालवता येते ना? जाऊबाईंचा खोकला थांबला का? इथे मी ठीक, कुत्रं ठीक. तुमच्या धाकट्या भावाबद्दल लिहायला हा कागद पुरायचा नाही, पण लिहिते.

लग्नात तुम्ही लमारला ती जुनी शिकारी बंदूक दिलीत, तिथून ही साथ आमच्या घरात शिरली. आता अशा अकरा बंदुका झाल्या आहेत आणि एकीचीही काडतुसं दुकानात मिळत नाहीत. (मिळत असती तर त्याने ती बंदूक घेतलीच नसती.) त्यातली लाडकी म्हणजे सव्वाशे वर्षांची, पंचवीस-छत्तीस मापाची बंदूक. तिच्या काडतुसांसाठी हा माणूस नऊ वर्षं वणवण फिरला (सुटी नकोत, न फोडलेला खोकाच हवा), आणि गेल्या उन्हाळ्यात माझी साधी, कामाची बंदूक मला न विचारता कोणाला तरी देऊन त्याने एक जुना सीलबंद खोका घरी आणला. आत वीस काडतुसं. माझ्या आईच्या बशा कपाटातून उतरवल्या आणि तिथे हा खोका बसवला. उघडायचा मात्र नाही! सील फोडलं की मजा गेली म्हणे.

बरं, हंगामाच्या पहिल्या दिवशी साहेब शिकारीला कोणती बंदूक घेऊन गेले? तीच. रिकामी. वीस पावलांवर आठ टोकांच्या शिंगांचं हरीण येऊन उभं राहिलं आणि हा नुसताच नेम धरून बसला. आणि वर शिकाऱ्यांच्या तळावर जाऊन स्वतःच कौतुकाने सांगितलं. नेम चुकला की शर्टाचा मागचा तुकडा कापून भिंतीला ठोकायचा, ही आपल्याकडची रीत तुम्हाला काय सांगायची? लमार म्हणाला, "अरे, मी गोळी झाडलीच नाही, मग चुकेन कसा?" तासभर वाद घातला. शेवटी म्हातारा ऑर्विल म्हणाला, "झाडून चुकणाऱ्याचा तुकडा कापतात. तुझी अख्खी पाठ कापायला हवी," आणि थेट कॉलरपर्यंत कात्री चालवली. मामंजींचा लोकरीचा शर्ट होता हो तो! मला रडूच फुटलं. फ्रीजर रिकामा, बाहेर बर्फ, आणि हा उघड्या पाठीने मला विचारतो, "खोक्यावरची धूळ पुसलीस का?"

असो. मोठ्यांपुढे किती गाऱ्हाणी गायची! जाऊबाईंना विचारल्याचं सांगा.

तुमची,
वर्ना

ता. क. मांसाची काळजी करू नका, मिळालं. शनिवारी लमार बंदुकांच्या प्रदर्शनाला गेला आणि इकडे सफरचंदाच्या झाडाखाली हरीण आलं. माझी बंदूक नव्हती, मग होती ती उचलली. खोका खालून वाफेवर उघडला आणि मैद्याच्या खळीने परत चिकटवला. आता आत एकोणीस काडतुसं आहेत आणि वजनाला माझी लिपस्टिक. शेजारच्या अल्टाची बंदूक मागून आणली होती, असं लमारला सांगितलंय. पण येत्या रविवारी तो खोका मित्रांना दाखवायला नेणार आहे, आणि ऑर्विलला प्रत्येक खोका कानाशी धरून हलवायची सवय आहे. तुमच्याकडे पंचवीस-छत्तीसचं एखादं सुटं काडतूस असणारच. गुडघा कसाही असो, शनिवारपर्यंत घेऊन या.

आणखी एक ता. क. दोन आणा. आज सकाळी त्याच झाडाखाली हरिणी दिसली. तिचा परवाना माझ्याकडे आहे, आणि माझा शर्ट अजून शाबूत आहे.