तू ठेवलेलं नाव

किशिनेव्ह,
११ जानेवारी १९०४

प्रिय हेनिया,

एकशेवीस वर्षांची हो. बेरला नमस्कार सांग.

तुझं पत्र, फोटो आणि बोटीची दोन तिकिटं पोचली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहात हे वाचून आईनं घळाघळा आसवं गाळली. तिचे गुडघे थंडीनं धरलेत. खिडक्यांना काचा बसवून घेतल्या, पण वर ठोकलेल्या फळ्या काही ती काढू देत नाही. गल्लीत कोणी जोरात हसलं तरी संदूक ढकलत दाराशी नेते. आपली घरं फोडली त्याला नऊ महिने झाले. त्यांचा ईस्टर पुन्हा जवळ येतोय, आणि आपल्या लोकांत बोलणं एकच, ‘तुमची तिकिटं आली का?’

समोरची वासिलिका रोज विचारते, ‘काय गं पेर्ल, बरी आहेस ना?’ त्या दिवशी तिनं स्वतःच्या फाटकावर खडूनं क्रूस काढला होता, जमावाला कळावं म्हणून की हे घर ज्यूंचं नव्हे. आमच्या फाटकापुरता खडू काही उरला नाही तिच्याकडे. आता अंडी आणून देते. मी घेते. अंड्यांचा काय दोष!

आता पोराच्या नावाचं. झेलिक. माझ्या नवऱ्याचं नाव. छान. आपल्यात गेलेल्याचंच नाव पोराला देतात, तेव्हा चुकलीस असं कोणी म्हणणार नाही. आई तर फोटो घेऊन अख्खं अंगण फिरली, ‘माझा जावई परत आला गं!’ मी म्हटलं, ‘नाक तर बेरचं आहे, बटाट्यासारखं.’ तर म्हणते, ‘जळकुकडी मेली! बहिणीचं पोर आहे ते.’

आहे मी जळकुकडी. तू नाव ठेवलंस म्हणून मी तुला नावं ठेवतेय, असंच समज. विचारायचं तरी होतंस! आठव्या दिवशी नाव ठेवावं लागतं आणि पत्राला तीन आठवडे लागतात, हे मलाही कळतं. पण तो पोटात होता तेव्हा महिनेच्या महिने होते ना? पाच वर्षांत माझी कूस उजवली नाही. त्याचं म्हणून माझ्याकडे काय राहिलंय? टोप्यांचे चार लाकडी साचे, आणि नाव. तेही तू नेलंस.

बोलायचंच तर पहिल्यापासून बोलते. झेलिक आला होता तुला बघायला. तेव्हा बाबा हयात होते; म्हणाले, ‘थोरली घरात असताना धाकटी उजवायची? लोक तोंडात शेण घालतील!’ मग सूप मी वाढलं, आणि महिन्याभरात लग्नही माझंच झालं. तू बेरशी लग्न करून बोटीत बसलीस. झेलिक मला कधी उणा शब्द बोलला नाही. पण तुझं पत्र आलं की त्याची सुई थांबायची. ‘वाच,’ म्हणायचा, ‘पहिल्या ओळीपासून वाच.’ मी मधल्या ओळी गाळायचे. घे, हेही सांगून टाकलं.

त्या सोमवारी आम्ही तिघं अंगणातल्या लाकडांच्या खोपीत लपलो होतो. बाहेर ‘ज्यूंना मारा’ चाललं होतं, काचा फुटत होत्या आणि लोक हसत होते, हेनिया, चक्क हसत होते. आई कान दाबून बसली होती. झेलिक हळूच म्हणाला, ‘बरं झालं, हेनिया तिकडे आहे.’

दारात मरण उभं, आणि त्याला तू आठवलीस! माझ्या मस्तकात तिडीक गेली. म्हटलं, ‘मग जा ना तिच्याकडे!’

त्यानं बादली उचलली आणि बाहेर गेला. फाटकापाशीच गाठलं त्याला.

आईसाठी पाणी आणायला गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही तेच लिहिलं. हेनिया, पाणी कोणी मागितलं नव्हतं. बादली घेतली म्हणजे पाण्यालाच गेला असेल, अशी मी रोज मनाची समजूत घालते. रोज घालावी लागते.

नोसनकाका मार्चमध्ये निघतायत, आईला त्यांच्यासोबत पाठवते. माझं तिकीट याच पाकिटात परत पाठवलंय. वर्ष झालं की कबरीवर दगड बसवायचा आहे म्हणून थांबते, असं आईला सांगितलंय. तुला खरं सांगते. तुझ्या घरात दिवसभर ‘झेलिक, ये’ ऐकणं मला जमायचं नाही. तू हाक मारशील आणि तो रांगत तुझ्याकडे येईल. मीच म्हटलं होतं ना, जा तिच्याकडे म्हणून? बघ, गेला.

नाव बदलू नकोस. त्याला थंडी वाजू देऊ नकोस.

तुझी थोरली बहीण,
आणि अजूनही झेलिकची बायको,
पेर्ल